इझुमी, अराता

इझुमी, अराता : (३१ जुलै १९८२ – ). जपानमध्ये जन्मलेले भारतीय फुटबॉलपटू व प्रशिक्षक. भारतीय नाव नीलकंठ खंभोळजा. मुंबई व पुणे येथील व्यावसायिक संघांतून दीर्घकाळ खेळलेले मध्यफळीतील आक्रमक खेळाडू, तसेच परदेशी नागरिकत्वाचा त्याग करून भारताच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले पहिले फुटबॉलपटू, अशी त्यांची दुहेरी ओळख आहे. खेळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी नवी मुंबई येथील निवासी फुटबॉल प्रबोधिनीत प्रशिक्षकाचे कार्य स्वीकारले. त्यांच्या गुणवत्तेच्या मानाने त्यांना लाभलेली लोकप्रियता मर्यादित राहिली. त्या मर्यादेची कारणे महाराष्ट्रातील फुटबॉलच्या जडणघडणीत शोधावी लागतात.

पूर्वायुष्य : इझुमी यांचा जन्म जपानच्या यामागुची प्रांतातील शिमोनोसेकी या बंदराच्या शहरी झाला. त्यांचे वडील भारतीय, मूळचे गुजराती, तर आई जपानी होती. त्यांचे बालपण व शिक्षण जपानमध्येच झाले. जपानमध्ये १९९३ साली ‘जे-लीग’ ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, त्या वेळी ते शालेय वयाचे होते. फुटबॉल हा उपजीविकेचा व्यवसाय होऊ शकतो, असे मानून वाढलेल्या जपानी मुलांच्या पहिल्या पिढीत त्यांची गणना करता येईल. तथापि या पिढीतील कुशल खेळाडूंची संख्या एवढी वाढली की, सर्वांना देशातील अव्वल संघांत स्थान मिळणे अशक्य झाले. इझुमी प्रथम मित्सुबिशी मिझुशिमा या कारखान्याशी निगडित संघातून खेळले. त्यानंतर ते सिंगापूर येथील आल्बिरेक्स निईगाता या संघात गेले. जपानमधील मूळ क्लबची ही शाखा मुख्यतः तरुण जपानी खेळाडूंना परदेशात सामन्यांचा अनुभव मिळावा म्हणून सिंगापूरच्या लीगमध्ये उतरविण्यात आली होती. मायदेशी जागा न मिळालेल्या अनेक जपानी खेळाडूंना याच वाटेने आशियातील इतर देशांची दारे खुली झाली.

भारतातील आगमन : २००६ मध्ये इझुमी कोलकात्याच्या ईस्ट बेंगॉल संघात दाखल झाले. पुढील वर्षी ते मुंबईच्या महिंद्रा युनायटेड संघाकडे आले आणि तेव्हापासून त्यांच्या कारकीर्दीचा मोठा भाग महाराष्ट्रातच गेला. १९६२ मध्ये एका उद्योगसमूहाचा कर्मचारी-संघ म्हणून स्थापन झालेला हा संघ तोवर देशातील अग्रगण्य संघांपैकी एक बनला होता. २००५-०६ च्या हंगामात त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद मिळविले होते. गोव्याचे डेरिक परेरा हे त्याचे प्रशिक्षक होते. इझुमी संघात असताना, २००८ मध्ये, महिंद्रा युनायटेडने आय.एफ.ए. शील्ड व ड्युरँड चषक या दोन्ही जुन्या स्पर्धा जिंकल्या.

इझुमी यांचा खेळ दिखाऊ नव्हता. चेंडू पायाशी खेळवत प्रतिस्पर्ध्यांना हुलकावण्या देण्यापेक्षा एकदोन स्पर्शांत तो पुढे सरकवणे, स्वतः मोकळ्या जागेत धावत जाणे आणि आघाडीच्या खेळाडूमागून ऐनवेळी गोलक्षेत्रात प्रवेश करणे, ही त्यांची पद्धत होती. चेंडू गमावल्यावर तो परत मिळविण्यासाठी आघाडीच्या खेळाडूनेही धावावे, हा जपानी फुटबॉलचा संस्कार त्यांच्या खेळात स्पष्ट दिसे. ते मध्यभागी आणि बगलेवर सारख्याच सहजतेने खेळत. असा खेळाडू प्रशिक्षकाला मोलाचा वाटतो. परंतु प्रेक्षकाच्या नजरेत तो उशिरा भरतो, कारण त्याचे निम्मे काम चेंडू पायाशी नसताना चाललेले असते.

पुणे फुटबॉल क्लब : २००९ मध्ये इझुमी पुणे फुटबॉल क्लबकडे आले. डेरिक परेरा हेही त्याच सुमारास या संघाचे प्रशिक्षक झाले. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये स्थापन केलेल्या या क्लबने २००९-१० मध्ये आय-लीग या तत्कालीन सर्वोच्च स्पर्धेत प्रथमच प्रवेश केला आणि पहिल्याच हंगामात तिसरे स्थान मिळविले. २०१२-१३ मध्ये तो चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरा आला आणि त्यामुळे २०१४ मध्ये त्याला आशियाई क्लब स्पर्धांत खेळण्याची संधी लाभली. या सर्व काळात इझुमी संघाच्या मध्यफळीचे आधारस्तंभ होते. एका परदेशी खेळाडूने एकाच भारतीय क्लबकडे सलग सहा वर्षे राहणे ही त्या काळी विरळ गोष्ट होती. परदेशी खेळाडूंशी बहुधा एकेका हंगामाचा करार होई व हंगाम संपताच संघ बदले. पुण्यातील वास्तव्यामुळे इझुमी हे ‘बाहेरून आणलेले’ खेळाडू न राहता शहराच्या संघाचा चेहरा बनले.

नागरिकत्वाचा निर्णय : इझुमी यांच्या कारकीर्दीतील सर्वांत महत्त्वाची घटना मैदानाबाहेर घडली. एखाद्या देशाच्या राष्ट्रीय संघातून खेळण्यासाठी आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या नियमांनुसार त्या देशाचे नागरिकत्व आवश्यक असते. नागरिकत्व नव्याने घेतलेल्या खेळाडूचा त्या देशाशी जन्माने, आईवडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या जन्माने अथवा दीर्घ वास्तव्याने संबंध असावा लागतो. इझुमी यांचा संबंध वडिलांकडून होताच. शिवाय ते भारतात पाच वर्षांहून अधिक काळ राहिले होते. अडचण नागरिकत्वाचीच होती. भारतीय कायद्यास दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. परदेशस्थ भारतीयांना देण्यात येणारे विशेष पत्र म्हणजे पूर्ण नागरिकत्व नव्हे. त्यातच २००८ च्या अखेरीस केंद्र शासनाने, भारतीय पारपत्र धारण करणाऱ्या खेळाडूंनाच देशाचे प्रतिनिधित्व करता येईल, असे धोरण स्वीकारले. जपानच्या कायद्यानुसारही स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणारी व्यक्ती जपानी नागरिकत्वास मुकते. म्हणजे एक पारपत्र मिळविण्यासाठी दुसरे गमावणे अपरिहार्य होते.

इतर देशांत जन्मलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंविषयी त्या काळात बरीच चर्चा होत असे. इंग्लंडमध्ये जन्मलेले मायकेल चोप्रा यांनी भारताकडून खेळण्याची इच्छा व्यक्त केली होती. परंतु ते घडून आले नाही. इझुमी यांनी मात्र जपानी नागरिकत्वाचा त्याग केला व भारतीय नागरिकत्व स्वीकारले. जपानी पारपत्र प्रवासाच्या सोयीच्या दृष्टीने जगातील सर्वांत उपयुक्त पारपत्रांपैकी एक मानले जाते आणि जपानी नागरिकत्व परत मिळविणे सुलभ नसते. तिशीच्या उंबरठ्यावर, म्हणजे फुटबॉलपटूच्या कारकीर्दीचा उतार जेथे सुरू होतो त्या वयात, घेतलेला हा निर्णय हिशेबाच्या दृष्टीने लाभाचा होता असे म्हणता येत नाही.

राष्ट्रीय संघ : ६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोची येथे पॅलेस्टाइनविरुद्ध झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात इझुमी यांनी भारताकडून पदार्पण केले. भारताने हा सामना ४–२ असा गमावला. नेदरलँड्सचे विम कूवरमान्स हे त्या वेळी भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. चेंडू जमिनीवरून लहान पासांनी खेळविण्याच्या त्यांच्या धोरणात इझुमी यांच्यासारख्या खेळाडूस स्थान होते. तथापि ही आंतरराष्ट्रीय कारकीर्द अल्पजीवी ठरली व त्यांच्या सामन्यांची संख्या दहाच्या आत राहिली. ज्या संधीसाठी त्यांनी जन्मदेशाचे नागरिकत्व सोडले, ती संधी अशा रीतीने थोडक्यात आटोपली. तरीही त्यामुळे एक नवा पायंडा पडला. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेले रायन विल्यम्स यांनी त्या देशाचे नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व घेतले, तेव्हा इझुमी यांच्या उदाहरणाचा पुन्हा उल्लेख झाला. विल्यम्स यांचे मातृघराणे मुंबईचे. दोन्ही उदाहरणांत सुमारे बारा वर्षांचे अंतर आहे. यावरून हा मार्ग किती बिकट आहे याची कल्पना येते.

इंडियन सुपर लीग : भारतीय नागरिकत्वामुळे क्लब फुटबॉलमध्येही इझुमी यांचे स्थान बदलले. परदेशी खेळाडूंच्या मर्यादित जागांपैकी एक जागा त्यांच्यासाठी खर्च करावी लागेनाशी झाली आणि त्यांची गणना देशी खेळाडूंत होऊ लागली. १० जुलै २०१५ रोजी मुंबईत इंडियन सुपर लीगसाठी दहा निवडक भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला. त्यात इझुमी यांना अ‍ॅटलेटिको दे कोलकाता या संघाने ६८ लक्ष रुपयांस घेतले. दहा खेळाडूंत ही पाचव्या क्रमांकाची रक्कम होती. सर्वाधिक बोली, १ कोटी २० लक्ष रुपये, सुनील छेत्री यांच्यावर लागली. एका अर्थी हा लिलाव म्हणजे लोकप्रियता व उपयुक्तता यांचे बाजाराने केलेले मोजमाप होते. वयाचे तेहतिसावे वर्ष पूर्ण करीत आलेल्या खेळाडूस त्यात मधले स्थान मिळाले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या सामन्यात इझुमी यांनी आरंभीच गोल केला. ब्राझीलचे थोर फुटबॉलपटू पेले हे त्या सामन्यास उपस्थित होते. कोलकात्याने हा सामना २–१ असा जिंकला. इझुमी यांच्या कारकीर्दीतील सर्वाधिक लोकांनी पाहिलेल्या क्षणांपैकी हा एक असावा. आणि तो सहा वर्षे ज्या पुण्यासाठी ते खेळले तेथे न येता कोलकात्यात आला, हे त्यांच्या एकंदर कारकीर्दीशी सुसंगतच म्हटले पाहिजे. २०१६ मध्ये ते एफ.सी. पुणे सिटी या संघाकडून व २०१७-१८ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडून खेळले.

सापेक्ष लोकप्रियता : खेळाडूची लोकप्रियता केवळ त्याच्या कौशल्यावर अवलंबून नसते. ज्या क्लबसाठी तो खेळतो त्या क्लबचे वय, पाठीराख्यांची परंपरा, वृत्तपत्रांतील स्थान आणि स्पर्धेचे स्वरूप हे घटकही तितकेच निर्णायक असतात. भारतात खेळलेल्या इतर जपानी फुटबॉलपटूंशी इझुमी यांची तुलना केली असता हे स्पष्ट होते. कात्सुमी युसा हे २०१३ मध्ये मोहन बागान संघात आले आणि २०१४-१५ च्या आय-लीग विजयात त्यांचा मोठा वाटा होता. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबच्या अनुयायांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली निष्ठा असल्याने, कात्सुमी हे नाव बंगालमध्ये घरोघरी पोहोचले. गोव्यात साळगावकर संघाने २०१०-११ मध्ये आय-लीग जिंकली, तेव्हा र्‍युजी सुएओका हे त्या संघातील प्रमुख खेळाडू होते. गावोगावी फुटबॉल खेळला जाणाऱ्या गोव्यात त्यांच्या खेळाचे चाहते सहज निर्माण झाले. या दोघांनाही विजेतेपदाचा लाभ झाला व तो साजरा करणारा समाज आधीपासून तयार होता. इझुमी यांच्या पुण्याने लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत मजल मारली. विजेतेपद मात्र हुकले.

महाराष्ट्रात फुटबॉलची आवड नाही असे नाही. १८९१ पासून मुंबईत खेळविली जाणारी रोव्हर्स चषक स्पर्धा एकेकाळी देशातील सर्वांत प्रतिष्ठेच्या स्पर्धांपैकी एक होती आणि कूपरेज मैदानावरील तिच्या सामन्यांना मोठी गर्दी होत असे. २००१ नंतर ती बंद पडली. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल इ. तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर परस्परांशी झुंजतात, तेव्हा पेठाच्या पेठा मैदानावर लोटतात. परंतु ही निष्ठा पेठेची व तालमीची असते. व्यावसायिक क्लबांच्या वाट्याला ती आली नाही. पुणे फुटबॉल क्लबचे सामने शहराच्या पश्चिम सीमेवरील बालेवाडी येथील क्रीडासंकुलात होत. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले हे संकुल पेठा व लष्कर भाग या जुन्या फुटबॉलप्रेमी वस्त्यांपासून दूर आहे. नियमित येणारा प्रेक्षकवर्ग लहान, परंतु निष्ठावान होता. या वर्गात इझुमी अत्यंत प्रिय होते. त्याच्या बाहेर, क्रिकेटने व्यापलेल्या शहरात, ते रस्त्याने चालले तरी ओळखले जाण्याचा संभव कमी होता.

याहून महत्त्वाचे कारण म्हणजे क्लबांचे अल्पायुष्य होय. इझुमी यांनी सोडल्यानंतर एकाच वर्षात, २०१० मध्ये, महिंद्रा युनायटेड संघ विसर्जित करण्यात आला. पुणे फुटबॉल क्लबचा व्यावसायिक संघ २०१४-१५ च्या हंगामानंतर बंद पडला. मुंबई फुटबॉल क्लब व पुण्याचा डी.एस.के. शिवाजीयन्स हे संघ २०१७ मध्ये, तर एफ.सी. पुणे सिटी २०१९ मध्ये अव्वल फुटबॉलमधून नाहीसे झाले. उद्योगसमूहाच्या निर्णयाने जन्मलेले संघ उद्योगसमूहाच्या निर्णयानेच संपले. क्लब टिकला, तर त्याच्या जुन्या खेळाडूंची छायाचित्रे भिंतीवर राहतात, बाप मुलाला त्यांच्या गोष्टी सांगतो आणि नव्या खेळाडूची तुलना जुन्याशी होते. इझुमी महाराष्ट्रात ज्या तीन संघांकडून खेळले, त्यांपैकी एकही आज अस्तित्वात नाही. त्यामुळे त्यांची लोकप्रियता जतन करणारी संस्थाच उरली नाही.

जपानमधील उलट उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ब्राझीलमध्ये १९५७ साली जन्मलेले रुई रामोस हे १९७७ मध्ये तोक्योच्या योमिउरी संघात आले व १९८९ मध्ये त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले. १९९२ मध्ये हिरोशिमा येथे जपानने प्रथमच आशियाई चषक जिंकला, तेव्हा ते संघातील प्रमुख खेळाडू होते. पुढील वर्षी जे-लीग सुरू झाली आणि तिला लाभलेल्या अभूतपूर्व प्रसिद्धीत रामोस हे देशातील सर्वांत परिचित चेहऱ्यांपैकी एक ठरले. पुढे त्यांनी आपल्या जुन्या क्लबचे प्रशिक्षकपदही भूषविले. रामोस व इझुमी यांनी घेतलेला निर्णय एकाच स्वरूपाचा होता. मात्र रामोस यांच्या निर्णयामागोमाग राष्ट्रीय संघाचा विजय, नवी लीग आणि टिकाऊ क्लब या तिन्ही गोष्टी आल्या. इझुमी यांच्या बाबतीत यांपैकी एकही जुळून आली नाही. ब्राझीलचेच झिको जपानमध्ये प्रथम खेळाडू व नंतर राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि २०१४ ते २०१६ या काळात त्यांनी एफ.सी. गोवा या संघास मार्गदर्शन केले. परंतु त्यांची कीर्ती विश्वचषकातील खेळामुळे आधीच जगभर पसरलेली होती. ती त्यांना कोणत्याही नव्या क्लबकडून मिळवावी लागली नाही.

प्रशिक्षक : निवृत्तीनंतर इझुमी यांनी नवी मुंबईतील रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स या निवासी प्रबोधिनीत प्रशिक्षक म्हणून काम सुरू केले. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या या प्रबोधिनीत देशाच्या विविध भागांतून निवडलेल्या मुलांच्या निवासाची, शालेय शिक्षणाची व फुटबॉल प्रशिक्षणाची एकत्र सोय केली जाते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या तरुण खेळाडूंच्या डेव्हलपमेंट लीगमध्येही प्रबोधिनीचा संघ उतरू लागला. तेथे त्याची गाठ व्यावसायिक क्लबांच्या राखीव व तरुण संघांशी पडते.

कुमार खेळाडूंच्या प्रशिक्षकाचे कार्य वरिष्ठ संघाच्या प्रशिक्षकापेक्षा निराळे असते. वरिष्ठ संघात निकाल हेच यशाचे माप होय. प्रबोधिनीत मात्र सामना हरूनही खेळाडू सुधारलेला असू शकतो. चेंडू येण्यापूर्वीच मान वळवून आजूबाजूची परिस्थिती पाहणे, दोन्ही पायांनी चेंडू स्वीकारणे, पास दिल्यावर न थांबता पुढील जागा घेणे या सवयी बारा ते अठरा वर्षे या वयातच अंगी बाणतात. पुढे त्या शिकविणे जवळजवळ अशक्य असते. भारतीय फुटबॉलपटूंतील सर्वांत मोठी उणीव याच वयातील प्रशिक्षणात आहे, असे जाणकारांचे मत आहे. जपानने आपली प्रगती मुख्यतः शालेय व कुमार स्तरावरील पद्धतशीर शिक्षणातून साधली. त्या शिक्षणात वाढलेला आणि भारतीय मैदानांची, हवामानाची व व्यवस्थेची एका तपाहून अधिक काळ ओळख असलेला माणूस या कामावर असणे, ही भारतीय फुटबॉलच्या दृष्टीने उपयुक्त गोष्ट आहे. अशा प्रशिक्षकाचे नाव प्रेक्षकांपर्यंत क्वचितच पोहोचते. त्याचा विद्यार्थी प्रकाशात येईपर्यंत सातआठ वर्षे लोटलेली असतात आणि तोवर श्रेय नव्या क्लबकडे गेलेले असते.

मूल्यमापन : आकडेवारीच्या दृष्टीने पाहता इझुमी यांची कारकीर्द चांगली, परंतु असाधारण नव्हती. त्यांना लीगचे विजेतेपद मिळाले नाही व त्यांचे आंतरराष्ट्रीय सामनेही मोजकेच ठरले. मात्र भारतीय फुटबॉलच्या इतिहासातील त्यांचे स्थान या आकड्यांनी ठरत नाही. राष्ट्रीय संघाचा जागतिक क्रम खालचा असताना, कोणत्याही मोठ्या स्पर्धेची वा मोबदल्याची शाश्वती नसताना, त्यांनी वडिलांच्या देशाचे नागरिकत्व घेतले आणि खेळ संपल्यावरही ते त्याच देशात नव्या पिढीला शिकवीत राहिले. सहकारी खेळाडू, प्रशिक्षक आणि बालेवाडीच्या प्रेक्षागारात नियमाने येणारे प्रेक्षक यांच्या मनात त्यांच्याविषयीचा आदर मोठा आहे. सामान्य वाचकास ते मुख्यतः ‘नागरिकत्व बदललेले जपानी फुटबॉलपटू’ म्हणून ठाऊक आहेत. क्लब दीर्घायुषी झाल्याखेरीज या दोन वर्तुळांतील अंतर भरून निघणे कठीण आहे. [⟶ फुटबॉल].